नातं इचारू नका

आक्का मगदूमांसमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या माणसाला आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं. निदान मला तरी वाटलं. मी लग्न होऊन अमरावतीहून कोल्हापुरात आलेली, समुपदेशकाची नोकरी नवी कोरी, आणि बालकल्याण समितीच्या खोलीत पाऊल टाकलं तोच टेबलामागून आवाज आला, "कुठलं गाव?" नाव नाही, शिक्षण नाही, एकदम गाव. मी सांगितलं. "लई लांबनं आलीस की. बस, अमरावती." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी अमरावतीच राहिले. बालगृहाच्या अधीक्षक बाई आजऱ्याच्या, त्यांना त्या ‘आजरा’ म्हणायच्या. मुलं घेऊन येणारा हवालदार मुरगूडचा, तो ‘मुरगूड’. तुम्हाला आमची नावं खरंच लक्षात राहत नाहीत का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाव काय, कोणबी काईबी ठेवतंय. गाव ठेवता येत न्हाई."

हरवलेली, टाकून दिलेली, मार खाल्लेली, कुणाला नकोशी झालेली मुलं आमच्याकडे यायची. मूल परत घरी जाणार, बालगृहात राहणार की दत्तक जाणार, हे समिती ठरवायची. कागदावर समितीत बरीच माणसं होती, पण बोलायच्या आक्का. पेशानं वकील. उंच, हाडापेरानं मोठ्या, इरकली साडी, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा शिपाई आपल्यालाच हाक मारली समजून जिना चढून यायचा. गाव त्यांचं खाली कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घर जैन, शेतीवाडीचं. शिकल्या कोल्हापुरात, वकिली केली कोल्हापुरात, पण बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच. ‘मी येतो’, ‘मी बघतो’ असं पुरुषासारखं बोलणाऱ्या बाया मी कोल्हापुरात पहिल्यांदा ऐकल्या. आक्कांच्या तोंडी ते असं शोभायचं की पुढं मी स्वतः एकदा सासूबाईंना ‘मी जातो’ म्हणाले आणि घरात आठवडाभर हशा चालला.

सूर्य कलायला लागला की समोर कलेक्टर असो की कैदी, आक्का डबा उघडायच्या. अंधार पडल्यावर त्यांना जेवण चालत नसे. समोरच्याच्या हातावर अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवायची आणि खात खातच त्याची उलटतपासणी चालू ठेवायची. भरल्या तोंडानं खोटं बोलता येत नाही, असा त्यांचा दावा होता. माझ्या अनुभवानं तो बराचसा खरा ठरला.

वारणानगरच्या बाजूची एक गोष्ट सांगते. उसाच्या फडाशेजारच्या खोपटातून पोलिसांनी दोन भावंडं उचलून आणली होती. मोठी मुलगी सहाएक वर्षांची, धाकटा तिच्या कडेवर. कुणी तरी फोन केला होता की मुलं बेवारस आहेत, चुलीजवळ खेळतायत, जवळ मोठं माणूस नाही. हवालदार मुरगूड छाती काढून उभा होता. आक्कांनी विचारलं, "आईबाप कुठायत?"

"फडात असतील मॅडम. ऊसतोड."

"असतील म्हंजे? तू बघितलंस?"

"मुलं एकटी होती मॅडम."

"आरं, तुजी आई शेतात भांगलायला जात हुती तवा तू कुणाच्या मांडीवर बसत हुतास? का सरकारच्या?"

त्याच पावली त्यांनी जीप काढायला लावली. मी मागच्या सीटवर, मांडीवर तो धाकटा. फडावर पोचलो तर मुलांची आई कोयता टाकून रस्त्यावर उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती. आक्का खोपटात वाकून शिरल्या, खाली बसल्या, काळा चहा प्यायल्या, भाकरीची टोपली उघडून पाहिली, मुलांच्या अंथरुणाला हात लावून पाहिला. मग बाहेर येऊन मुरगूडला म्हणाल्या, "आई कामावर हाय म्हंजे आई न्हाई असं न्हवं. लेकरू म्हंजे रस्त्यात घावलेलं पाकीट न्हवं, ठाण्यात जमा करायला." परत येताना त्यांनी कारखान्याच्या माणसांना गाठलं आणि फडाजवळ पाळणाघर सुरू होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडला नाही.

दुसरा प्रसंग घरभेटीच्या अहवालाचा. आमच्याकडे एक नवीन पोरगा लागला होता, शिकलेला, इस्त्रीचा शर्ट. एका विधवेकडे तिचा मुलगा परत द्यावा की नाही, हे पाहायला त्याला पाठवलं. त्यानं लिहून आणलं की घरात स्वतंत्र खोली नाही, फ्रिज नाही, आई निरक्षर आहे, सबब मूल संस्थेत राहणे हिताचे. आक्कांनी ते मोठ्यानं वाचलं. मग चष्मा काढला. "ह्या हिशोबानं मला जल्मल्याबरोबर उचलून न्यायला पायजे हुतं. आमच्या आईला सही येत न्हवती. फ्रिज तर मी वकील झाल्यावर आला." तो बिचारा म्हणाला, मॅडम, नियमावलीत तसे मुद्दे आहेत. "मग मुद्दा वाढव," आक्का म्हणाल्या. "लिही, पोराला बघून आईचं तोंड कसं झालं. ते बघितलंस का? न्हाई? मग जा परत." तो दुसऱ्या दिवशी परत गेला. मूल घरी गेलं.

घर बघितल्याशिवाय घर मोडायचं नाही, हा त्यांचा हेका होता. त्यापायी त्या वरिष्ठांशी भांडल्या, संस्थाचालकांशी भांडल्या, मुंबईच्या बैठकीत जाऊन भांडून आल्या. गरिबाचं मूल काढून घेणं फार सोपं करून ठेवलंय आणि परत देणं फार अवघड, असं त्या तिथं तोंडावर बोलल्या. मला त्यांचा अभिमान वाटायचा. ही बाई असताना आमच्या हातून कुणावर अन्याय होणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून तर पुढं जे झालं त्यानं मी हबकून गेले.

चैत्राच्या यात्रेचे दिवस होते. जोतिबाच्या डोंगरावरून उतरलेल्या माणसांनी शहर नुसतं गुलाबी झालं होतं. त्या गर्दीत बसस्थानकावर एक चारेक वर्षांची मुलगी सापडली. केसांपासून पायांपर्यंत गुलाल, डोळे तेवढे उघडे. डोंगरावरून ती कुणाच्या गाडीत कशी चढली आणि खाली कशी आली, हे कधीच कळलं नाही. आम्ही तिला आंघोळ घातली, खाऊ दिला, आणि समितीसमोर बसवलं. प्रश्न विचारत होत्या अधीक्षक बाई, स्वच्छ पुस्तकी मराठीत. आक्का खुर्चीत मागे टेकून ऐकत होत्या.

"बाळा, नाव काय तुझं?"

"चिंगी."

"गाव कुठलं?"

"मळ्यात."

"तुझी आई कुठे आहे?"

"आई मेली. जाळलं तिला."

अधीक्षक बाईंनी हळू आवाजात विचारलं, "आणि बाबा?"

"बाबा न्हाईत."

"मग घरी कोण असतं?"

"दादा हाय. वहिनी हाय."

"यात्रेला तुला कुणी आणलं होतं?"

"वहिनीनं. वहिनी म्हणली हितंच थांब, अन् गेली."

आक्कांनी टेबलावर मूठ आपटली. मुलगी दचकली. "बघितलंस अमरावती? सासू मेली, आता चिमुरडी नणंद कोण संभाळणार? दिली यात्रेत सोडून. आन् भाऊ बायकोचा बैल." भावजयांनी घराबाहेर काढलेल्या पोरी आक्कांनी वकिलीत खूप पाहिल्या होत्या. त्यांचा राग खरा होता, आणि आम्हाला तो बरोबरही वाटला. मी स्वतः त्या न पाहिलेल्या वहिनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

रीतीप्रमाणे शोध झाला. डोंगराखालच्या गावांतून पोलीस फिरले. वर्तमानपत्रात मुलीच्या फोटोसह जाहिरात आली: नाव चिंगी, आई-वडील मयत, भाऊ-भावजयीने सोडून दिलेली. मुदत संपली, कुणी आलं नाही. भेट द्यायला घरच सापडलं नव्हतं, त्यामुळे आक्कांचा नेहमीचा हेका इथं चालण्यासारखा नव्हता. मुलगी दत्तक द्यायला मोकळी झाल्याच्या आदेशावर त्यांनीच पहिली सही केली आणि म्हणाल्या, "जाऊ दे हिला चांगल्या घरात." पुण्याचं एक जोडपं तिला घेऊन गेलं. साधी, समजूतदार माणसं. त्यांनी तिचं नाव अन्वी ठेवलं. शेवटचा हुकूम तेवढा व्हायचा होता.

दुसरा चैत्र आला. त्याच सुमारास आक्कांच्या गावाहून निरोप आला आणि त्या तडकाफडकी निघून गेल्या. त्यांची आई गेली, एवढं ऑफिसात समजलं. दोन दिवसांनी मी आणि अधीक्षक बाई भेटायला गेलो. ओसरीवर बायका बसल्या होत्या, आक्का खांबाला टेकून. आम्हाला पाहून त्या उठल्या, माझ्या गळ्यात पडल्या आणि हंबरडा फोडला, "वहिनी गेली गं! माजी वहिनी गेली!"

मी गोंधळले. घरात आणखी कुणी गेलं की काय? एकाच वेळी दोघी? मी घाबरत विचारलं, "आक्का, तुमच्या भावजय पण...?"

"भावजय कुठली?" त्या हुंदक्यातच म्हणाल्या. "आई. माजी आई."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या चुलतीनं माझी समजूत घातली. "आमी समदे तिला वहिनी म्हणायचो न्हवं, दीर-नणंदा. पोरांनी तेच ऐकलं, पोरंबी वहिनीच म्हणाय लागली. आई म्हणायची ती आजीला, आन् बापाला दादा. आमच्याकडं असंच असतंय, पावणं."

आक्कांचं रडणं थांबलं. हुंदका अर्ध्यावर अडकावा तसं थांबलं. त्या माझ्या खांद्यापासून बाजूला झाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. मला अजून काहीच उमगलं नव्हतं. मग त्यांचे ओठ हलले.

"आई मेली," त्या पुटपुटल्या. "आजी मेली तिची. आन् वहिनीनं आणलं..."

मला चिंगीची उत्तरं एकेक करून आठवली. सुतकातल्या त्या घरात, शंभर बायकांसमोर, आक्कांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "त्या पोरीची आई जित्ती हाय! मी तिला मारून टाकली!" बायकांना वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. एकीनं पाणी आणलं. आक्कांनी ते घेतलं नाही. चप्पल न घालताच त्या आमच्या गाडीत येऊन बसल्या.

वाटेत त्या एकदाच बोलल्या. "जल्मभर मी हेच बोललो. शेरात आल्यावर चारचौघांत लाज वाटायची, म्हणून वहिनीला आई म्हणाय शिकलो. खुर्चीत बसल्यावर मला माजीच भाषा कळली न्हाई."

शोधायला फारसं हिंडावंच लागलं नाही, आणि मला सगळ्यांत जास्त धक्का बसला तो याचाच. मुलीची बोली आक्कांच्याच भागातली, म्हणून आम्ही सरळ कर्नाटकाची हद्द ओलांडली. पलीकडच्या दुसऱ्याच ठाण्यात गेलो तर भिंतीवर मुलीचा फोटो. खाली कन्नडमध्ये मजकूर. आक्कांनी वाचला: समृद्धी, वय चार, जोतिबाच्या यात्रेत हरवली. ती आम्हाला चिंगी म्हणून माहीत, तिथल्या पोलिसांना समृद्धी म्हणून. त्यांची तक्रार कन्नडमध्ये, आमची जाहिरात मराठीत. मधे एक तासाचा रस्ता. तो वर्षभर कुणी ओलांडला नव्हता.

मळ्यातल्या घरी गेलो तेव्हा मुलीची आई गोठ्यात होती. तिशीही न ओलांडलेली बाई, पण म्हातारी दिसत होती. नारळ वाढवायला दोन मिनिटं पुढं गेले आणि मागं वळले तर पोर नाही, एवढंच ती परत परत सांगत राहिली. नवरा ट्रॅक्टर थांबवून आला. यात्रेतल्या पोलिसांनी तक्रार तुमच्या गावच्या ठाण्यात द्या म्हणून परत पाठवलं होतं, असं तो म्हणाला. आक्कांनी त्याला विचारलं, पेपरातली जाहिरात बघितली नाही का?

"बघितली की," तो म्हणाला. "फोटू काळाकुट्ट, काई वळकू येत न्हवता. नाव चिंगी, पर चिंगी काय, घरोघर असत्यात. खाली लिवलंतं, आईबाप मयत. म्हटलं, आमी तर जित्तं हाय. आपली न्हवं ही. पान उलटलं."

असं कधी होऊ शकतं, यावर माझा विश्वास बसेना. बाप स्वतःच्या मुलीचा फोटो हातात धरून बसला होता, आणि आम्ही त्याला छापील अक्षरांत सांगितलं होतं की तू मेलास.

रक्ताची तपासणी झाली, शंका उरली नाही. आक्कांनी समितीचा राजीनामा दिला आणि स्वतःच्याच आदेशाविरुद्ध अर्ज केला. सुनावणीला त्या टेबलामागे नाही, समोरच्या बाकावर मुलीच्या आईबापाशेजारी बसल्या. पुण्याच्या जोडप्याचा वकील बोलत होता. मुलगी रुळली आहे, शाळेत जाते, आणि मुख्य म्हणजे ती या बाईंना आई म्हणते. जन्मदात्रीला तिनं आयुष्यात कधी आई म्हटलेलं नाही. मग नातं कुठलं खरं धरायचं?

आक्का उभ्या राहिल्या. आवाज नेहमीपेक्षा खूप खाली होता.

"मीबी माज्या आईला तिच्या तोंडावर जल्मात कधी आई म्हटलं न्हाई. परवाच्या चैत्रात गेली ती. मग मी तिची कोण न्हवतो का?"

पुण्याची ती बाई ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. नवरा काही बोलायला गेला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. म्हणाली, "द्या त्यांची त्यांना. मला हे माहीत असताना तिला कुशीत घेऊन झोपता येणार नाही."

त्याच दिवशी आक्कांनी समितीकडून एक गोष्ट मान्य करून घेतली. ती आजही आमच्याकडे पाळली जाते, आणि दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक शिकायला येतात तेव्हा मी त्यांना तीच आधी सांगते. लहान मुलाला आई कुठंय, बाबा कुठंयत असं विचारायचं नाही. आक्कांचे शब्द असे होते: "नातं इचारू नका, काम इचारा. आंघोळ कोण घालतंय? वेणी कोण घालतंय? निजताना कुणाच्या पोटावर पाय टाकतीस? जी ते करती ती आई. लेकरू तिला काई का म्हणंना."

मुलगी सोपवायचा दिवस आला. बालगृहाच्या व्हरांड्यात पुण्याची बाई तिला हाताला धरून आली. नीट वेणी, नवे बूट. समोर तिची आई उभी होती, पण पुढं यायचं तिला धाडस होईना. वर्षभरात पोर बोटभर उंच झाली होती. मुलीनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळत नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली. आणि लगेच, अगदी स्पष्ट, "मी थांबलतो की हितंच. तू का न्हाई आलीस? मला का सोडलंस?"

तेवढ्यात आक्का पुढं झाल्या आणि त्या एवढ्या मोठ्या बाई मुलीसमोर उकिडव्या बसल्या.

"वहिनीनं न्हाई सोडलं बाळा. ती रोज हुडकत हुती तुला. मी ठेवून घेतलं तुला. मी."

मुलीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"का?"

आक्का म्हणाल्या, "मला वाटलं, तू काय म्हणतीस ते मला कळलं."

मुलीला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिनं एकदा पुण्याच्या बाईकडे वळून पाहिलं, मग आईचं बोट धरलं आणि पायऱ्या उतरली. बाप मागं तिची पिशवी घेऊन. गाडी सुरू झाली, गेटबाहेर पडली, धूळ खाली बसली, तरी आक्का उठल्या नाहीत. मी हात पुढं केला, तो त्यांना दिसला नाही. मुलगी जिथं उभी होती त्या फरशीकडे बघत त्या तशाच उकिडव्या बसून होत्या. त्यानंतर त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत; त्यांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.